खटला दोघांचा, झडती तिसऱ्याची

न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाचे न्यायमूर्ती लुई स्टँटन यांनी १ जुलै २००८ रोजी दिलेला एक आदेश आज फारसा कोणाच्या स्मरणात नसेल. एमटीव्ही, पॅरामाउंट आदींची मालक असलेली व्हायाकॉम ही मनोरंजन कंपनी एका बाजूला आणि यूट्यूब व तिची मालक गूगल दुसऱ्या बाजूला, असा तो खटला होता. आमच्या स्वामित्वहक्काच्या चित्रफिती यूट्यूबवर राजरोस दाखविल्या जातात, अशी तक्रार करीत व्हायाकॉमने मार्च २००७ मध्ये १०० कोटी डॉलरहून अधिक भरपाईचा दावा लावला होता. दोन धनाढ्य कंपन्यांचे भांडण! ते त्यांनी लढावे, जिंकावे, हरावे. परंतु या भांडणात पुरावा म्हणून व्हायाकॉमने जे मागितले आणि न्यायालयाने जे देऊ केले, ते या दोहोंपैकी कोणाचेच नव्हते. यूट्यूबवरील कोणतीही चित्रफीत ज्या ज्या वेळी पाहिली गेली, त्या प्रत्येक वेळेची नोंद, म्हणजे पाहणाऱ्याचे खातेनाम, पाहण्याची वेळ, त्याच्या संगणकाचा आयपी पत्ता आणि चित्रफितीची ओळख, असा सुमारे १२ टेराबाइटचा संपूर्ण माहितीसंच व्हायाकॉमच्या हाती सोपवावा, असा तो आदेश होता.

या नोंदीत केवळ अमेरिकन नव्हते. पुण्यात बसून नाट्यसंगीत ऐकणारा, न्यू जर्सीत बसून कीर्तन पाहणारा, कोणी औषधोपचाराची माहिती शोधणारा, कोणी राजकीय भाषणे ऐकणारा, साऱ्या जगातील प्रेक्षक त्यात होता. त्याच्यावर कोणताही आरोप नव्हता. त्याला नोटीस नव्हती, वकील नव्हता, म्हणणे मांडण्याची संधी नव्हती. खटला चालू आहे हेही त्याला ठाऊक नव्हते.

गूगलने प्रेक्षकांच्या खासगीपणाचा मुद्दा उपस्थित केला, तेव्हा ही भीती निव्वळ तर्काधारित आहे, असे म्हणून न्यायमूर्तींनी तो दूर सारला. आणि आधार कोणता घेतला? आयपी पत्त्यावरून एरवी कोणा व्यक्तीची ओळख पटत नाही, असे गूगलनेच पूर्वी जाहीरपणे म्हटले होते, तो! स्वतःच्या सोयीसाठी केलेले विधान कंपनीच्या अंगाशी आले, असे म्हणून हसता आले असते. परंतु अंगाशी आले ते कंपनीच्या नव्हे, प्रेक्षकांच्या. याच आदेशातील दुसरा भाग अधिक बोलका आहे. गूगलच्या शोधयंत्रणेची मूळ संगणकीय संहिताही व्हायाकॉमने मागितली होती. ती मात्र व्यापारी गुपित आहे, उघड झाल्यास कंपनीचे मोठे नुकसान होईल, म्हणून न्यायालयाने ती मागणी फेटाळली. कंपनीचे गुपित ते गुपित. कोट्यवधी सामान्य माणसांनी काय पाहिले, काय ऐकले, हे गुपित म्हणजे तर्कवितर्क! एकाच आदेशात, एकाच लेखणीने केलेला हा न्याय आहे.

ओरड झाली. १४ जुलै २००८ रोजी दोन्ही पक्षांनी आपसांत ठरवून खातेनामे व आयपी पत्ते झाकून माहिती देण्याचे मान्य केले. म्हणजे प्रेक्षक वाचला तो कायद्याने नव्हे, लोकलज्जेने. खटला पुढे सहा वर्षे रेंगाळला. २०१० साली निकाल यूट्यूबच्या बाजूने लागला, २०१२ मध्ये अपील न्यायालयाने त्याचा काही भाग फिरवून तो परत पाठविला, २०१३ मध्ये स्टँटन यांनी पुन्हा यूट्यूबच्याच बाजूने निकाल दिला आणि मार्च २०१४ मध्ये दोघांनी तडजोड करून दप्तर बांधले. दरम्यान, व्हायाकॉमने प्रसिद्धीसाठी आपल्याच चित्रफिती भाडोत्री संस्थांमार्फत गुपचूप यूट्यूबवर चढविल्या होत्या, असेही यूट्यूबने न्यायालयात सांगितले. फिर्यादीच्याच घरातून माल बाहेर पडत असल्याचा हा आरोप. आणि झडती मात्र साऱ्या गावाची.

२००८ सालची ही कथा आज उगाळण्याचे कारण असे की त्याच शहरात, त्याच न्यायालयात, तिची पुनरावृत्ती झाली आहे. आणि या खेपेस माहिती अधिक नाजूक आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने डिसेंबर २०२३ मध्ये ओपनएआय या कंपनीवर स्वामित्वहक्कभंगाचा दावा लावला. आमचा मजकूर चोरून यांनी आपले चॅटजीपीटी शिकविले, अशी तक्रार. तक्रार गंभीर आहे आणि ती न्यायालयात तपासली जाणे योग्यच आहे. आपल्याकडेही एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात अशीच दाद मागितली आहे. परंतु न्यूयॉर्कच्या खटल्यात मे २०२५ मध्ये दंडाधिकारी न्यायाधीशांनी आदेश दिला तो असा की, वापरकर्त्यांनी स्वतः पुसून टाकलेली संभाषणेसुद्धा कंपनीने नष्ट न करता राखून ठेवावीत. काही महिन्यांनी हे बंधन उठले. पण नोव्हेंबर २०२५ मध्ये दोन कोटी संभाषणे, नावे-गावे काढून का होईना, प्रतिपक्षाला देण्याचा आदेश झाला.

लोक या यंत्राशी काय बोलतात याची कल्पना न्यायालयाला नसेल असे नाही. आजाराची लक्षणे, सासरचे तंटे, कर्जाचे हिशेब, मुलाच्या व्यसनाची काळजी. घरातील माणसाला जे सांगवत नाही ते येथे सांगितले जाते. (सांगावे की नाही, हा वेगळा प्रश्न आहे, आमच्या मते सांगू नये.) मजकुरातून नाव काढले म्हणजे माणूस काढला, असे मानणे भोळेपणाचे आहे. ज्या गावात एकच डॉक्टर आणि एकच शाळा आहे, त्या गावाचे वर्णन पुरेसे असते. आणि माणसाने स्वतःच्या हाताने पुसलेले शब्द दुसऱ्या दोघांच्या भांडणासाठी राखून ठेवायचे, हे कोणत्या न्यायतत्त्वात बसते?

आधार कार्डावरून आकाशपाताळ एक करणारे, खासगीपणाच्या नावाने परिसंवाद झोडणारे आपल्याकडील विचारवंत या दोन कोटी संभाषणांविषयी किती बोलले? सरकारने रेशनसाठी बोटाचा ठसा मागितला की लोकशाही धोक्यात येते आणि आवडत्या वृत्तपत्राने दोन कोटी मनोगते मागितली की तो पत्रकारितेचा लढा ठरतो. ही निवडक संवेदनशीलता आता परिचयाची झाली आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्वामित्वहक्क ही पाश्चात्त्य कल्पना आहे, आपल्याकडे ज्ञान सर्वांचे होते, तेव्हा कोणी काही उतरवून घेतले तर बिघडले कोठे, असा युक्तिवाद आपल्याही काही मित्रांच्या तोंडून ऐकू येतो. तो सोयीचा आहे, खरा नाही. आपल्या परंपरेत विद्यादान होते. ते दान होते, लूट नव्हती. देणाऱ्याने देणे आणि घेणाऱ्याने ओरबाडणे यांतील भेद आपल्या पूर्वजांना नीट ठाऊक होता. मराठी प्रकाशक आज हजार-दोन हजारांची आवृत्ती काढताना शंभरदा विचार करतो, आणि पुस्तक बाजारात येताच त्याची पीडीएफ प्रत व्हॉट्सअ‍ॅपच्या समूहांतून फिरू लागते. ती फिरविणारे बहुतेक वेळा स्वतःला भाषाप्रेमी म्हणवितात! लेखकाच्या कष्टाचा मोबदला बुडविणे ही भाषासेवा नव्हे.

बौद्धिक संपदेच्या नावाने चालणाऱ्या दांडगाईशी या देशाचा परिचय जुना आहे. डंकेल प्रस्तावाच्या काळात स्व. दत्तोपंत ठेंगडी देशभर फिरून ज्या धोक्याचा इशारा देत होते, त्याचा प्रत्यय लवकरच आला. मार्च १९९५ मध्ये जखम भरून काढण्याच्या हळदीच्या गुणाचे पेटंट अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या नावे झाले. आपल्या आजीचा बटवा परक्याच्या नावावर चढला. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. कसे? संस्कृत ग्रंथांतील उल्लेख आणि छापील शोधनिबंध पुढे ठेवून. ज्याची जी कागदपत्रे, ती त्याने मांडली. हक्काचे रक्षण पुराव्याने होते. त्यासाठी कोणाच्या स्वयंपाकघराची झडती घ्यावी लागली नाही. पुढे २००१ पासून पारंपरिक ज्ञानाचा जो अंकीय ग्रंथसंग्रह भारताने उभा केला, त्याची दिशाही हीच. योगासनांच्या एका क्रमावर हक्क सांगणाऱ्या अमेरिकेतील योगसंस्थेला तेथील अपील न्यायालयाने २०१५ मध्ये नकार दिला, तोही हक्काच्या स्वरूपाचा विचार करून. कोण कोठे आसने करतो याच्या याद्या मागवून नव्हे.

तेव्हा प्रश्न स्वामित्वहक्क असावा की नसावा हा नाही. चोर शोधताना कोणाच्या घरात शिरायचे, कोणाच्या परवानगीने आणि काय हाती घेऊन, हा आहे. या बाबतीत अमेरिकेचा अनुभव असा भीषण आहे की तो सविस्तर सांगितल्यावाचून राहवत नाही.

१९९८ साली तेथे अंकीय स्वामित्वहक्काचा कायदा झाला. त्यात एक अजब कलम आहे. हक्काचा मालक म्हणविणाऱ्याने न्यायालयाच्या कारकुनाकडे अर्ज करावा, कारकुनाने समन्सवर शिक्का मारावा आणि सेवा पुरविणाऱ्या कंपनीने संशयिताचे नाव-पत्ता द्यावा. न्यायाधीशाने अर्ज वाचण्याचीही गरज नाही! संगीत कंपन्यांच्या संघटनेने २००२ साली व्हेरायझन या दूरसंचार कंपनीकडे अशाच रीतीने ग्राहकाचे नाव मागितले. व्हेरायझनने नकार दिला, जिल्हा न्यायालयात ती हरली. पण १९ डिसेंबर २००३ रोजी वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने, केवळ वाहिनी पुरविणाऱ्या कंपनीला हे कलम लागू होत नाही, असा निर्णय देऊन हे शिक्कामोर्तब थांबविले. तोवर सप्टेंबर २००३ मध्ये २६१ जणांवर पहिले दावे लागलेही होते. त्यांत न्यूयॉर्कमध्ये सरकारी घरात राहणारी १२ वर्षांची एक मुलगी होती. आईने २,००० डॉलर भरून सुटका करून घेतली. २००५ च्या आरंभी वेस्ट व्हर्जिनियातील ८३ वर्षांच्या एका वृद्धेवर गाणी वाटल्याचा दावा दाखल झाला. बाई आदल्या डिसेंबरातच निवर्तल्या होत्या, आणि मुलीच्या सांगण्यानुसार हयातभर त्यांना संगणकाचा तिटकारा होता. चोर सोडून संन्याशाला फाशी ही म्हण आपल्याकडची. तिचे प्रयोग अमेरिकेत झाले. आणि शिक्षेचे प्रमाण? मिनेसोटातील एका महिलेला २४ गाण्यांसाठी २००९ साली ज्यूरीने १९ लाख २० हजार डॉलर भरपाई ठोठावली. पुढे फेऱ्या होत होत ती २ लाख २२ हजारांवर स्थिरावली. म्हणजे एका गाण्याला नऊ हजारांहून अधिक डॉलर.

एवढी मोठी भीती एकदा उभी राहिली की तिच्यावर धंदा उभा राहतो. अमेरिकेतील दोन वकिलांनी नेमके हेच केले. अश्लील चित्रपट स्वतःच महाजालावर सोडायचे, कोण उतरवून घेतो ते टिपायचे, न्यायालयाकडून नाव-पत्ता मिळवायचा आणि पत्र धाडायचे: काही हजार डॉलर द्या, अन्यथा तुमचे नाव या चित्रपटासह खटल्यात येईल. घेतले असो वा नसो, अब्रूच्या भयाने लोक पैसे देत गेले. शेवटी २०१९ मध्ये एकाला १४ आणि दुसऱ्याला ५ वर्षांचा तुरुंगवास झाला. पण तोवर या लुटारूंच्या हाती नावे पडली ती कोणाच्या आज्ञेने? न्यायालयांच्याच! कुंपणाने शेत खाल्ले असे आम्ही म्हणणार नाही; कुंपणाचे दार मात्र त्यानेच उघडून दिले.

ब्रिटनमध्ये तर लुटारू नसतानाही अनर्थ घडला. एका लहानशा वकिली पेढीने न्यायालयीन आदेशांच्या बळावर हजारो ग्राहकांची नावे मिळवून त्यांना वसुलीची पत्रे पाठविली. सप्टेंबर २०१० मध्ये त्या पेढीच्या संकेतस्थळावर हल्ला झाला आणि तिचा सारा पत्रव्यवहार चव्हाट्यावर आला. त्यात स्काय कंपनीच्या पाच हजारांहून अधिक ग्राहकांची यादी होती: नाव, पत्ता आणि त्यापुढे त्यांनी कथितरीत्या वाटलेल्या अश्लील चित्रपटाचे नाव. कोणावरही आरोप सिद्ध झालेला नव्हता. संबंधित वकिलाला दंड झाला १,००० पौंड. पेढी बंद पडली नसती तर दोन लाख केला असता, असे तेथील माहिती आयुक्तांनी सांगितले. त्या पाच हजार घरांत त्या आठवड्यात काय घडले असेल, याचे मोजमाप कोणत्या पौंडात करणार?

आणि मुळात आयपी पत्ता म्हणजे तरी काय? तो माणसाचा पत्ता नव्हेच. गिरगावातील एखाद्या चाळीच्या मुख्य दरवाजासारखा तो असतो. दरवाजा एक, आत बिऱ्हाडे साठ. भारतात मोबाइलवरून महाजाल वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर एकेका पत्त्यामागे एकाच वेळी अनेक ग्राहक असतात. वेळ सेकंदाने चुकली की नाव दुसऱ्याचे निघते. घरातील वायफाय वापरणारा भाडेकरू, पाहुणा, शेजारचा मुलगा यांपैकी कोणी काय केले, हे पत्ता सांगत नाही. तो फक्त बिलावर कोणाचे नाव आहे तेवढे सांगतो. आणि बिल बहुधा वडिलांच्या नावे असते.

हे सारे परदेशातले झाले, आपल्याला काय, असे म्हणणाऱ्यांनी आपल्या कायद्याकडे पाहावे. आपल्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्याच्या ६३ व्या कलमानुसार जाणूनबुजून केलेल्या हक्कभंगास सहा महिने ते तीन वर्षे कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ‘निट प्रो’ प्रकरणात स्पष्ट केले. याचा व्यावहारिक अर्थ असा की अमेरिकेत नाव उघड झाले तर वकिलाचे पत्र येते. भारतात नाव उघड झाले तर पोलीस येऊ शकतात, तेही वॉरंटावाचून. दिवाणी दाव्यात नाव सांगण्याचा आदेश देणाऱ्या न्यायाधीशाच्या डोळ्यांपुढे हे चित्र असलेच पाहिजे.

‘निट प्रो’नंतर तीनच महिन्यांनी, ३० ऑगस्ट २०२२ रोजी, दिल्ली उच्च न्यायालयाच्या न्या. प्रतिभा सिंह यांनी टेलिग्रामविरुद्धच्या खटल्यात महत्त्वाचा आदेश दिला. स्पर्धा परीक्षांच्या एका शिक्षिकेची पुस्तके आणि व्याख्याने टेलिग्रामच्या वाहिन्यांवरून सर्रास विकली जात होती. एक वाहिनी बंद केली की दुसरी उभी राहत असे. आमचे संगणक सिंगापुरात आहेत, तेथील कायदा ग्राहकाचे नाव सांगू देत नाही, असा पवित्रा टेलिग्रामने घेतला. न्यायालयाने तो मानला नाही, आणि ते योग्यच झाले. भारतात धंदा करायचा, भारतीय लेखिकेचा माल आपल्या मंचावर विकू द्यायचा आणि जाब विचारला की सिंगापूरकडे बोट दाखवायचे, हे कोणताही स्वाभिमानी देश खपवून घेणार नाही. परंतु या आदेशातील खरी लक्षणीय गोष्ट ही नव्हे. माहिती मागितली गेली ती हक्कभंग करणाऱ्या विशिष्ट वाहिन्या चालविणाऱ्यांची. ती वाहिनी पाहणाऱ्या लाखो विद्यार्थ्यांची नाही. आणि ती द्यायची होती बंद लखोट्यात. न्यूयॉर्कच्या न्यायमूर्तींना १२ टेराबाइट मागवूनही जे सुचले नाही, ते दिल्लीत सुचले.

त्याहीपूर्वी आपल्या मुंबई उच्च न्यायालयाने या बाबतीत विवेक दाखविला आहे. अज्ञात प्रतिवादीविरुद्ध, म्हणजे आपल्याकडील भाषेत ‘अशोक कुमार’ नावाच्या काल्पनिक इसमाविरुद्ध, सरसकट मनाई हुकूम घेण्याची चाल २००२ पासून रूढ झाली होती. प्रदर्शनापूर्वी चित्रपट कंपन्यांनी न्यायालयात जावे आणि शेकडो संकेतस्थळे बंद करण्याचा हुकूम खिशात घालून यावे, हा नेमच झाला होता. ‘ढिशूम’ चित्रपटाच्या वेळी, जुलै २०१६ मध्ये, न्या. गौतम पटेल यांनी या सरसकटीकरणाला लगाम घातला. यादीतील प्रत्येक दुवा आधी तपासा, वकिलाने तपासल्याचे सांगा, प्रतिज्ञापत्रावर सांगा. संपूर्ण संकेतस्थळ बेकायदेशीर आहे असे दाखविल्याखेरीज ते बंद होणार नाही, असे त्यांनी बजावले. इतकेच नव्हे, तर बंद केलेल्या पानांवर ‘हे पाहणे गुन्हा आहे’ असा जो धाक झळकत असे, तोही त्यांनी दुरुस्त करविला. कारण केवळ पाहणे हा आपल्या कायद्यात गुन्हा नाही. लक्षात घ्या, त्याच वर्षी जून महिन्यात ‘उडता पंजाब’ची जी प्रत प्रदर्शनापूर्वी फुटली, तिच्यावर ‘सेन्सॉरसाठी’ असे शब्द होते. ती कोणा कॉलेजकुमाराच्या खोलीतून फुटली नव्हती.

मात्र हा विवेक दोन न्यायमूर्तींचा आहे, कायद्याचा नाही. उद्या वेगळ्या न्यायालयात वेगळा आदेश निघू शकतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ सदस्यांच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी प्रकरणात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. कायद्याचा आधार, उचित हेतू आणि प्रमाणशीरता या कसोट्या घालून दिल्या. त्यानंतर संसदेने २०२३ मध्ये वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्याचे नियमही नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. परकीय कंपन्यांना प्रथमच काही उत्तरदायित्व आले, हे स्वागतार्ह आहे. पण त्याच कायद्याचे १७ वे कलम काय म्हणते? एखादा कायदेशीर हक्क वा दावा बजावण्यासाठी माहितीचा वापर आवश्यक असेल, तर संमती, सूचना, माहिती पुसून मागण्याचा अधिकार ही बहुतेक सारी बंधने लागू होत नाहीत. सुरक्षिततेची जबाबदारी तेवढी उरते. व्हायाकॉमला यापेक्षा अधिक काय हवे होते? सरकार आपल्या विचाराचे आहे म्हणून कायद्यातील भगदाड दिसू नये, असे आम्हांस वाटत नाही.

‘ज्याने काही केले नाही त्याला भिण्याचे कारण काय’, हा प्रश्न आपल्या वर्तुळातही विचारला जातो, म्हणून त्याचे उत्तर आपल्याच इतिहासातून देऊ. स्वातंत्र्यवीर सावरकरांचा १८५७ च्या स्वातंत्र्यसमरावरील ग्रंथ १९०९ साली प्रसिद्ध होण्यापूर्वीच ब्रिटिशांनी जप्त ठरविला. खोट्या वेष्टणांत दडून तो हिंदुस्थानात आला आणि हातोहात वाचला गेला. कोणी, केव्हा, किती वेळा वाचला याची नोंद ठेवणारे यंत्र तेव्हा असते तर? १९७५ च्या आणीबाणीत भूमिगत पत्रके कोणाच्या घरी पोहोचतात, ती कोण वाचतो, हे शोधत पोलीस दारोदार फिरत होते. मिसाखाली तुरुंगात गेलेल्या स्वयंसेवकांपैकी अनेकांनी काहीही ‘केलेले’ नव्हते. ते वाचत होते, वाटत होते, एकत्र येत होते. तेव्हाच्या सत्तेला वाचकांची यादी हवी होती आणि ती मिळत नव्हती, कारण ती कोठे लिहिलेलीच नव्हती. आज ती लिहिली जाते, क्षणाक्षणाला, परदेशातील संगणकांवर. जी यादी आज व्यापाऱ्याच्या दाव्यासाठी बाहेर येते, ती उद्या कोणासाठी येईल याची हमी कोणी द्यावी?

अमेरिकेलाही हे शहाणपण एकदा सुचले होते. १९८७ साली सर्वोच्च न्यायालयासाठी नामनिर्देशित झालेल्या रॉबर्ट बॉर्क यांनी दुकानातून भाड्याने नेलेल्या चित्रफितींची यादी एका साप्ताहिकाने छापली. यादीत आक्षेपार्ह काही नव्हते. तरीही लोकप्रतिनिधी हादरले आणि १९८८ मध्ये अशा नोंदी उघड करण्याविरुद्ध कायदाच झाला. एका न्यायाधीशाची यादी फुटली तेव्हा पुढच्याच वर्षी कायदा. जगभरच्या प्रेक्षकांची यादी मागितली तेव्हा, आधी पाहिल्याप्रमाणे, तर्कवितर्क.

काय करता येते, ते ऑस्ट्रेलियाने दाखविले आहे. ‘डॅलस बायर्स क्लब’ या चित्रपटाच्या मालकांनी आयआयनेट आदी कंपन्यांकडे ४,७२६ आयपी पत्त्यांमागील ग्राहकांची नावे मागितली. न्या. पेरम यांनी एप्रिल २०१५ मध्ये नावे देण्याचे तत्त्वतः मान्य केले, पण आधी या ग्राहकांना तुम्ही कोणते पत्र धाडणार ते मला दाखवा, असे सांगितले. पत्र पाहिल्यावर त्यांना त्यात वसुलीचा वास आला. तेव्हा ऑगस्टमध्ये त्यांनी अट घातली: चित्रपटाच्या वाजवी किमतीपेक्षा आणि खर्चापेक्षा अधिक मागणार नाही असे वचन द्या आणि सहा लाख डॉलर अनामत ठेवा, वचन मोडले तर अनामत जप्त. कंपनीने अनामत ठेवली नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिने नाद सोडला. ४,७२६ घरांपैकी एकाचेही नाव त्या खटल्यातून बाहेर पडले नाही.

आपल्याकडे हे करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २५ व्या आदेशानुसार वादीकडून खर्चापोटी तारण मागण्याचा अधिकार न्यायालयाला आहेच. आणि वादी भारताबाहेरचा असून येथे त्याची पुरेशी स्थावर मालमत्ता नसेल, तर ते मागणे न्यायालयाला बंधनकारक आहे. ही तरतूद प्रतिवादीच्या रक्षणासाठी लिहिली गेली. ज्या ग्राहकाचे नाव मागितले जाते, त्याला त्याच न्यायाने रक्षण मिळावे. नाव उघड करण्यापूर्वी त्याला सेवा कंपनीमार्फत नोटीस जावी आणि नाव न सांगताच वकिलामार्फत हरकत घेता यावी. मागणी प्रेक्षकांची नव्हे, वाटप करणाऱ्याचीच असावी. मिळालेली माहिती दुसऱ्या कामास वापरल्यास तारण जप्त व्हावे. उच्च न्यायालयांना आपले नियम स्वतः करता येतात. मुंबईने २०१६ साली दुव्यांची पडताळणी प्रतिज्ञापत्रावर करवून घेतली; नावांच्या बाबतीत तोच नियम मुंबईनेच प्रथम करावा.